लिस्बनमध्ये फक्त तीन दिवस आहेत. तिथल्या माणसांसारखं शहर कसं बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की नवराबायको दोघंच जाताय, तीन दिवस हाताशी आहेत आणि यादीवर खुणा करत धावायचं नाही. मी कामानिमित्त दीड वर्ष लिस्बनला होते, ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत. त्या राहण्यातून जे कळलं ते सांगते.

आधी सिंत्रा यादीतून काढून टाका. गाव देखणं आहे, पण जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. तीनातला एक दिवस असा गेला तर लिस्बन नुसतं मुक्कामापुरतं उरेल. आणि "कुणाला माहीत नसलेल्या जागा" शोधत बसू नका. तिथली माणसं कुठल्या गुपित जागी जात नाहीत, रोज त्याच त्या चार ठिकाणी जातात. तुम्हीही तेच करा.

म्हणजे असं. मुक्कामाजवळचं एक पास्तेलारिया धरा, आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलासारखं: चहा-कॉफी, पाव, गोड-तिखट सगळं एकाच काउंटरवर. तिन्ही सकाळी तिथेच जा. टेबलावर बसू नका, काउंटरशी उभे राहा. "उमा बीका" म्हटलं की छोट्या कपात कडक कॉफी येते. एस्प्रेसोला लिस्बनमध्ये बीका म्हणतात. सोबत पास्तेल द नाता (अंडं-दुधाचं सारण भरलेली खुसखुशीत, गोड वाटी) घ्या आणि वर दालचिनीची पूड भुरभुरून घ्या. बेलें या भागातलं १८३७ पासूनचं प्रसिद्ध दुकान चांगलंच आहे, पण गल्लीतला नुकताच भट्टीतून निघालेला, वरून थोडा करपलेला नाता खाल्लात तर तिथल्या रांगेची हळहळ वाटणार नाही. काचेच्या कपाटात नीट बघा, तिकोनी 'शामुसा' दिसेल. आपला समोसाच तो. गोवा आणि मोझांबिकमधून आलेल्या लोकांबरोबर तिथे पोचला आणि आता पक्का लिस्बनकर झालाय.

निघताना म्हणायचं, "केरीया पगार", म्हणजे पैसे द्यायचे आहेत. हो, हा आपला पगारच! पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव". मग मोरीतल्या बादलीकडे बोट दाखवून "बाल्द". मी चावी आणि बादली मराठीत म्हणून दाखवली, तर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि एकेका वस्तूला हात लावून नाव विचारायला लागल्या. पाव, बटाटा, कोबी असं करत अर्धा तास गेला. दोघींची मिळून धड दहा वाक्यांची भाषा, पण त्या दिवसापासून मी त्या घरात परकी राहिले नाही. तुम्हीही हे शब्द वापरून बघा.

चालण्याबद्दल दोन गोष्टी. फुटपाथ काळ्या-पांढऱ्या दगडांच्या बारीक तुकड्यांचे आहेत. पांढरा चुनखडीचा दगड पायांनी घासून घासून गुळगुळीत होतो आणि पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखा निसरतो, म्हणून रबरी तळव्याचेच बूट न्या. हे दगड बसवणारा कारागीर कुठे दिसला तर पाच मिनिटं थांबाच. बुटक्या स्टुलावर वाकून बसतो, दगड तळहातावर घेतो, हातोडीचे दोन-तीन ठोके देतो, फिरवून बघतो आणि खाचेत अलगद ठेवतो. हे काम शिकवायला महापालिकेने १९८६ मध्ये शाळाही काढली.

दुसरं म्हणजे चढ. किल्ल्याकडे जाताना रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. तिने वर गेलात की समोरच एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट मिळते. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई याच वाटेने घरी जातात. २८ नंबरची पिवळी ट्राम जरूर घ्या, पण सकाळी आठच्या आत. नंतर आत पाय ठेवायला जागा नसते आणि पाकीटमारांचं फावतं. प्रवासाचं कार्ड आधी मेट्रो स्टेशनवर घेऊन पैसे भरून ठेवा, ट्राममध्ये रोख तिकीट जवळजवळ दुप्पट पडतं. शेवटपर्यंत गेलात तर कांपू द ओरीक ही सपाट, सरळ रस्त्यांची मध्यमवर्गीय वस्ती लागते. तिथल्या बागेत म्हातारे लोक पत्ते कुटत बसलेले असतात. बाकावर बसा, बघा, दुपारी तिथेच जेवा.

जेवणासाठी काचेवर कागद चिकटवून त्यावर हाताने 'प्रातु दु दिआ' म्हणजे आजची थाळी लिहिलेली छोटी खानावळ शोधा. एक वाजता गर्दी कामगारांची असेल तर डोळे मिटून आत शिरा. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर येईल. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट मानत नाही. मासे खात असाल तर उन्हाळ्यात निखाऱ्यावरची तारली खा, काट्यांना घाबरू नका. शाकाहारी असाल तर 'पेशिन्युश द ओर्ता' मागा. नावाचा अर्थ परसातले छोटे मासे, प्रत्यक्षात ती फरसबीची भजी. जपानी तेंपुराचं मूळ यातच मानतात. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचं सूप मागवताना मात्र "सें शोरीसु" म्हणा, नाहीतर सॉसेजची चकती पडलीच.

अल्फामात संध्याकाळी जा. १७५५ च्या मोठ्या भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली ही जुनी वस्ती. नावसुद्धा अरबी आहे. पण इथलं एक मनापासून सांगते: ही लोकांची घरं आहेत. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्यांमुळे कितीतरी जुन्या भाडेकरूंना जावं लागलंय. दगडी पायऱ्यांवरून चाकांची बॅग रात्री बारा वाजता खडखडत नेली की अख्खी गल्ली जागी होते. शक्यतो मुक्काम दुसरीकडे करा, उघड्या दारांतून फोटो काढू नका. फादो, म्हणजे तिथलं आर्त पारंपरिक गाणं, ऐकायला बसलात तर गाणं सुरू असताना एक शब्दही बोलायचा नाही, जेवणाचे चमचेसुद्धा थांबतात.

एक दुपार कार्मूच्या चौकासाठी ठेवा. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस. सकाळी लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला, मग समुद्राच्या लाटा आल्या आणि आगी लागल्या. कार्मूच्या मठाचं छप्पर तेव्हा कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. खालची बायशा ही वस्ती भूकंपानंतर नव्याने आखली. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला आणि त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून हादरे देऊन पाहिलं म्हणतात.

पण मला हा चौक दुसऱ्याच कारणासाठी जवळचा वाटतो. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत इथल्याच बराकीत हुकूमशाही सरकारचा प्रमुख मार्सेलु कायतानु शरण आला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केलं या क्रांतीनंतरच, १९७४ च्या डिसेंबरात. काइश दु सोद्रे स्टेशनातून काश्काइशची लोकल धरलीत तर वाटेत काशियाश लागतं. गोवा मुक्तिसंग्रामात १९५५ ला पकडले गेलेले आपले मोहन रानडे तिथल्या तुरुंगात होते. गोवा स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं, जानेवारी १९६९ पर्यंत. मी त्या गाडीने कामाला जायची. स्टेशनचं नाव आलं की दर वेळी मान वर व्हायची.

शेवटच्या संध्याकाळी त्याच काइश दु सोद्रेहून नदीपलीकडच्या कासिल्यासची बोट घ्या, जेमतेम दहा मिनिटांची. कामावरून घरी निघालेले लोक सोबत असतील. पलीकडे थोडं टेकून सूर्यास्ताच्या सुमाराला परत फिरा आणि येताना डाव्या अंगाच्या खिडकीशी बसा. लाल पूल आणि त्याच्यामागे बुडणारा सूर्य त्या बाजूला असतो.