कॅलिफोर्नियात पब्लिक (म्हणजे सरकारी) स्कूलमध्ये शिक्षिकेची नोकरी मिळाली तर पगारावर घासाघीस करता येते का?

एकटीने? नाही. एचआरवाल्या बाईंसमोर बसून "जरा वाढवून द्या ना" म्हणायची सोयच नाही इथे. पगाराचा छापील तक्ता असतो, उभी नोकरीची वर्षं आणि आडवे पदवीनंतर घेतलेले कोर्सचे युनिट, ज्या चौकोनात तुम्ही बसाल तो तुमचा पगार. भांडायला जागा एकच, भारतातल्या नोकरीची किती वर्षं धरतात ती. ते सुरुवातीलाच लेखी घ्या, नंतर कोणी विचारत नाही.

पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की "तिथे पगार भरपूर असतात म्हणे, मग शिक्षक संपावर का जातात", त्याच्यासाठी मी लिहायला बसलेय. माझे दीर दर दिवाळीला चकली मोडत मला हेच विचारतात, वर म्हणतात वहिनी तुमच्या तर रक्तातच संप आहे. (माझी आई झेडपीच्या शाळेत होती, 1977-78 च्या 54 दिवसांच्या संपात ती होती, त्याचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता आणि मलाही आहे.)

तक्त्यातले आकडे युनियन आणि डिस्ट्रिक्ट (जिल्हा नव्हे, त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बसून ठरवतात, 1975 च्या रॉडा कायद्यापासून हे असंच आहे. दोघांनी आपापल्या मागण्या आधी जाहीर सभेत मांडायच्या, मग टेबल. नाही जमलं तर इम्पास, म्हणजे बोलणी अडली असं जाहीर करायचं, मग राज्याचा मध्यस्थ, मग तिघांची फॅक्ट-फाइंडिंग समिती, जिचा अहवाल कोणावरच बंधनकारक नसतो, आणि एवढं सगळं झाल्यावर साधारणपणे संपाची वाट मोकळी होते. म्हणजे टीव्हीवर तुम्ही लाल टीशर्टवाले शिक्षक बघता तोवर आत कित्येक महिने दळण दळून झालेलं असतं. आणि भांडण नुसत्या पगाराचं नसतं. लॉस एंजेलिसला जानेवारी 2019 मध्ये शाळेचे 6 दिवस संपात गेले, तिथे वर्गातली मुलं कमी करा आणि प्रत्येक शाळेत नर्स द्या ह्याही मागण्या होत्या. पुढच्याच महिन्यात ओकलंड.

मी आमच्या युनियनच्या बार्गेनिंग टीममध्ये, म्हणजे वाटाघाटी करणाऱ्यांत, होते. बे एरियातलं (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं) मध्यम डिस्ट्रिक्ट, नाव नको. समोर डिस्ट्रिक्टच्या फायनान्सचे गृहस्थ, अतिशय सभ्य माणूस, दर वेळी तीच स्लाइड लावायचे: रिझर्व्हचे, म्हणजे राखीव शिलकीचे, पट्टे, यंदाचा हिरवा, पुढच्या वर्षीचा पिवळा आणि तिसऱ्या वर्षीचा लाल, शून्याच्या खाली. 1991 च्या कायद्याप्रमाणे डिस्ट्रिक्टला चालू आणि पुढची दोन अशा तीन वर्षांचा हिशोब काउंटीला (जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाला) दाखवावा लागतो, नाहीतर शेरा बसतो, त्यामुळे ते अंदाज करताना उत्पन्न हात आखडून धरतात आणि खर्च सढळ हाताने. मी काय केलं, त्यांच्याच जुन्या स्लाइड काढल्या आणि दर सप्टेंबरला ते बोर्डासमोर जे प्रत्यक्ष आकडे ठेवतात ते शेजारी लावले. लाल पट्टा दर वर्षी एक वर्ष पुढे सरकत होता. कधी आलाच नाही. आमच्या आकाराच्या डिस्ट्रिक्टला कायद्याने 3 टक्के रिझर्व्ह लागतो, ह्यांच्याकडे त्याच्या कितीतरी पट पडून. कागद टेबलावरून सरकवला तर गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, आम्ही जपून अंदाज करतो. मग त्यांनी ब्रेक मागितला आणि तो ब्रेक दुपारच्या जेवणापर्यंत चालला.

परत आले ते "ऑफ-शेड्यूल" ऑफर घेऊन. म्हणजे एकरकमी पैसे, तक्ता जिथल्या तिथे. दिवाळीचा बोनस आणि बेसिकमधली वाढ ह्यात जो फरक तोच, पेन्शन धरताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच चौकोनापासून सुरुवात. आमच्यातलेच काही जण लगेच हो म्हणायला निघाले होते, भाडं भरायचं असतं लोकांना, मी दोष देत नाही. पण मी अडून बसले आणि शेवटी तक्त्यात वाढ झाली, मागितली तेवढी नाही.

आणि हेल्थ कॅप! हे कोणी सांगत नाही. इन्शुरन्सच्या हप्त्यात डिस्ट्रिक्ट महिन्याला ठरावीक रक्कम घालतं, हप्ता वाढला की वरचे पैसे तुमचे. आमची एक मैत्रीण, दोन मुलं, सगळं घर तिच्या इन्शुरन्सवर, वाढ लागू झाल्यावर तिने पगाराची स्लिप फोनवर दाखवली तर हातात आधीपेक्षा कमी. वाढ वरच्या ओळीत, कपात खालच्या ओळीत. दिरांना ही स्लिप दाखवून झालीये, ते म्हणाले मग नोकरी बदलायची.

बरं, डिस्ट्रिक्टकडे खरंच ओढाताण नसते असं नाही. इथे पैसे पटावर नाही तर हजेरीवर मिळतात, आणि घरं इतकी महाग की तरुण कुटुंबं निघून जातात, मुलं कमी होतात, बिल्डिंग आणि बस मात्र तेवढ्याच. शिक्षकाच्या पगारावर 19.1 टक्के पेन्शन फंडात डिस्ट्रिक्ट भरतं. स्पेशल एज्युकेशनच्या जादा खर्चाचे 40 टक्के केंद्र देणार असं 1975 पासून ठरलंय, तेवढे कधीच आले नाहीत. कोविडचे पैसे सप्टेंबर 2024 ला संपले, त्यातून नेमलेले समुपदेशक तसेच लटकले.

पण दिरांचं लाडकं वाक्य असं की "आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, जातो कुठे?" अहो, 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे (मतदारांनीच मत देऊन केलेला नियम) टॅक्स घर घेतलं तेव्हाच्या किमतीवर, वर्षाला फार तर 2 टक्के वाढ, म्हणून तुमच्या शेजारचे आजोबा तसल्याच घरावर तुमच्या पासंगालाही पुरत नाही इतका भरतात. आणि जास्त जमला तरी आमच्यासारख्या डिस्ट्रिक्टला उपयोग नाही, राज्य आपला वाटा तेवढाच कमी करतं. पालो आल्टोसारख्या मोजक्या श्रीमंत डिस्ट्रिक्टनाच वरचे ठेवता येतात. शाळेसाठी वेगळा पार्सल टॅक्स (दर मालमत्तेमागे ठरावीक रक्कम) लावायचा तर बहुतेक वेळा दोन तृतीयांश मतं लागतात, आमचा थोडक्यात पडला, आणि दिरांनी विरोधात मत दिलं हे त्यांनीच जेवताना सांगितलं. आता पुतण्याच्या वर्गात 34 मुलं आहेत म्हणून फोन मला येतो.

तुमच्यासाठी कामाचं राहिलंच. एच-4 वर (नवऱ्याच्या एच-1बी वरच्या डिपेंडंट व्हिसावर) असाल तर आधी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, त्याशिवाय नोकरी नाही. बी.एड.चं मूल्यांकन करून राज्याच्या कमिशनकडून क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवायचा परवाना, घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो. पहिली दोन वर्षं प्रोबेशन, त्यात कारण न देता काढू शकतात. 15 मार्चच्या आत पिंक स्लिप, म्हणजे नोकरकपातीच्या नोटिसा, वाटतात, त्या बहुतेक करून नव्यांनाच मिळतात, मेपर्यंत बऱ्याच परत घेतात, घाबरून लगेच दुसरीकडे सही करू नका. आणि डिस्ट्रिक्ट निवडताना करार वेबसाइटवर असतो तो उतरवून हेल्थ कॅपचं कलम आधी वाचा, पगाराचा तक्ता नंतर. हे सगळं कॅलिफोर्नियाचं, टेक्सासला जाणार असाल तर विसरा, तिथे शिक्षकांना संप करायची परवानगीच नाही.