तळ्याकाठचं गॅरेज आणि शेजाऱ्यांची पत्रं: वकिलाआधी सर्व्हेअर

मिनेसोटात तळ्याकाठी घर घेतलंत, तीन गाड्यांच्या गॅरेजसाठी काउंटीकडे (जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) व्हेरिअन्स, म्हणजे बांधकामाच्या नियमातून सूट, मागितलात, आणि नोटिसा जाताच दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी विरोधाची पत्रं दिली. काउंटीच्या बोर्डापुढची हिअरिंग (सुनावणी) तीन आठवड्यांवर. वकील करू का, आणि 'आपण देशी म्हणून तर हे नाही ना', असं विचारलंय तुम्ही.

आधी दुसरं घेतो. असेलही, नाकारत नाही. पण ती पत्रं फाइलमधून मागून घ्या आणि वाचा. अकरा वर्षांपूर्वी माझंही हेच झालं तेव्हा मी आठवडाभर धुसफुसत होतो. शेजाऱ्याचं पत्र हातात आलं तर अर्ध्या पानात एकच गोष्ट: तुमच्या छपराचं पाणी माझ्या डॉकपाशी उतरणार, तिथे नातवंडं पोहतात. गावाकडे बांध कोरण्यावरून भांडणारी माणसं बघत मोठा झालो, मला ही भाषा लगेच कळायला हवी होती.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की गॅरेज पाण्यापासून 'साधारण 80 फूट' येतं, फोनच्या ॲपवर मोजलं. कुठल्या पाण्यापासून? सेटबॅक, म्हणजे पाणी आणि बांधकाम यांत सोडायचं अंतर, आज पाणी दिसतंय तिथून मोजत नाहीत. पाणी बराच काळ टिकून जमिनीवर जी खूण सोडतं, त्या उच्च पातळीच्या रेषेपासून मोजतात. आमचा सर्व्हेअर पाण्याकडे बघतच नव्हता. पाणकणसं कुठे संपतात आणि जमिनीवरचं गवत, झुडपं कुठे सुरू होतात, ते बघत तो वाकून चालत होता आणि नारिंगी झेंडे रोवत होता. शेवटचा झेंडा लागला तेव्हा माझ्या नकाशावरचे 14 फूट गायब झाले होते.

राज्याने तळ्यांचे वर्ग पाडलेत; तुमचं तळं 'रिक्रिएशनल डेव्हलपमेंट' वर्गातलं आणि घराला सेप्टिक टँक, म्हणजे राज्याच्या नियमाप्रमाणे किमान 100 फूट (गटारलाइन असती तर 75). काउंटी याहून कडक असू शकते, सैल नाही.

दुसरा हिशेब बहुतेक लोक करतच नाहीत. पाणी न मुरणारी जागा प्लॉटच्या 25 टक्क्यांच्या आत हवी. तुमचा प्लॉट अर्धा एकर, म्हणजे 21,780 चौरस फूट, मर्यादा 5,445. समजा घर 1,900, ड्राइव्हवे 2,400, पॅटिओ 600, शेड 200, तर झाले 5,100. उरले 345. दोन गाड्यांचं 24 बाय 24 गॅरेजसुद्धा 576 खातं, तीन गाड्यांचं सोडूनच द्या. 'खडीचा ड्राइव्हवे धरत नाहीत' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, बऱ्याच काउंट्या धरतात.

व्हेरिअन्सची कसोटी इथे एका गॅरेजमुळेच बदलली, हे तुम्हाला माहीत नसेल. मिनेटोंका शहराने एका घरमालकिणीला सेटबॅकमध्ये बसत नसलेल्या जुन्या गॅरेजवर मजला चढवायची परवानगी दिली. शेजारी कोर्टात गेला. 2010 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की व्हेरिअन्सशिवाय जागेचा वाजवी वापर करताच येत नसेल, तरच तो द्यायचा. शहरांमध्ये व्हेरिअन्स जवळपास बंदच पडले. मग 2011 मध्ये कायदा बदलला आणि शहरं, काउंट्या दोन्हींसाठी 'प्रॅक्टिकल डिफिकल्टीज' (प्रत्यक्षातल्या अडचणी) ही एकच कसोटी झाली: वापर वाजवी हवा, अडचण जागेच्या वेगळेपणामुळे आलेली हवी, तुम्ही निर्माण केलेली नको, आणि वस्तीचं रूप बदलता कामा नये. नुसतं पैशाचं कारण चालत नाही.

तुमच्या अर्जातलं 'घरात तीन गाड्या आहेत आणि बर्फ फार पडतो' हे कारण यात बसत नाही. बर्फ सगळ्यांच्याच दारात पडतो. मागच्या बाजूला सेप्टिकचं पाणी जमिनीत मुरवायची जागा आहे, पलीकडे उतार आहे, म्हणून गॅरेज दुसरीकडे सरकवता येत नाही, हे बसतं. पण ते नकाशावर दाखवावं लागेल.

म्हणून वकिलाचे पैसे तूर्त ठेवा, सर्व्हेअर बोलवा. गॅरेज दोन गाड्यांचं करा, रस्त्याकडे सरकवा, ड्राइव्हवेचा वळसा उखडून तिथे गवत लावा. कदाचित व्हेरिअन्स लागणारच नाही.

तीन आठवड्यांत हे जमणार नाही. अर्जावर काउंटीने 60 दिवसांत निर्णय दिला नाही तर तो मंजूर धरला जातो. ती स्वतःहून लेखी कळवून मुदत वाढवू शकते, पण हाताशी अर्धवट नकाशा असला की बोर्ड नकार देऊन मोकळं होतं. तुम्हीच लेखी मुदत वाढवून द्या आणि सुधारित नकाशा देतो म्हणून कळवा. अर्ज तपासणाऱ्या काउंटीच्या प्लॅनरलाही ते सोयीचं असतं.

आणि तो नकाशा आधी शेजाऱ्यांकडे न्या. मी गेलो ते झेंडे लागल्यावर, बायकोने केलेल्या नारळाच्या वड्या घेऊन. शेजारच्या म्हाताऱ्याने वड्या बाजूला ठेवल्या आणि पन्हळीचं पाणी कुठे सोडणार ते विचारलं. त्याच्या कुंपणापासून लांब एक उथळ खड्डा करून त्यात स्थानिक रोपं लावायची, छपराचं पाणी तिथे मुरवायचं, असं ठरलं. जागा त्यानेच दाखवली. हिअरिंगला तो आला आणि तीन मिनिटांत विरोध मागे घेऊन बसला. अट मात्र घातली, खड्डा आधी, गॅरेज नंतर. बोर्डाने ती तशीच परवानगीत लिहून घेतली.