'कॅश वाचली' म्हणजे नेमकं काय झालं?

भाषांतरातला प्रश्न असा: "फाइलचा जेवढा भाग आधीच मेमरीत आहे तेवढाच वाचायचा, डिस्ककडे जायचं नाही. याला 'संचयित वाचन' म्हणावं का?"

माझ्या मते नको. खरा संचय डिस्कवरच असतो, त्यामुळे 'संचयित' म्हटल्यावर नेमकं उलटंच वाटतं. नुसतं 'कॅश' लिहिलं तर आणखी घोटाळा. 'कॅश वाचली': रोकड खर्च व्हायची राहिली, की मेमरीतला मजकूर वाचून झाला? नाम दोन्हीकडे सारखंच लिहितो आपण आणि क्रियापदही दोन्ही अर्थांना चालतं. म्हणून फाइलचे भाग हाताशी ठेवणाऱ्या मेमरीतल्या या साठ्याला मी 'पेज कॅश' असं पूर्ण लिहितो.

ही 'कॅश' ज्या मूळ फ्रेंच शब्दावरून आली त्यात लपवण्याचा अर्थ आहे, त्यामुळे 'पेव' सुचतं. जमिनीत खणून तोंड बंद केलेला धान्याचा साठा, शब्द सुरेखच. पण पेव उघडणं म्हणजे खटपट आणि इथे तर सगळी मातब्बरी चटकन मिळण्याची. संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये अशाच कल्पनेला 'स्लेव्ह मेमरी' म्हटलं होतं, म्हणजे लपण्यापेक्षा हाताखाली राबण्यावर भर. मराठीत त्यासाठी तयार शब्द आहे: हाताशी. 'हाताशी पैसे नाहीत' म्हणणाऱ्याचे बँकेत असू शकतात. हा फरक 'संचयित'मध्ये येत नाही.

आता क्रियापदाकडे. लिनक्समध्ये 'मिनकोर' हा कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विचारणा) एखादं पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, मेमरीत आहे का एवढंच सांगतो. उत्तर मिळून आपण वाचायला जाईपर्यंत कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ते पान काढून टाकलेलं असू शकतं, मग डिस्कची वाट पाहणं आलंच. लिनक्स ४.१४ पासून (२०१७) 'पीरीडव्ही२' या फाइल वाचणाऱ्या कॉलला 'आरडब्ल्यूएफ_नोवेट' हा फ्लॅग, म्हणजे 'थांबू नकोस' अशी जादा सूचना, देता येतो. त्यात विचारणं आणि घेणं एकाच दमात होतं. पोळ्या लाटता लाटता आई सांगते तसं: "मिसळणाच्या डब्यात हळद असेल तर दे, माळ्यावर चढत बसू नकोस." 'आहे का?' आणि 'असेल तर दे' यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो, तो भाषांतरात जपायला हवा. फ्लॅगचं वचनही न थांबण्याचं आहे, म्हणून 'डिस्ककडे न जाता' यापेक्षा 'डिस्कसाठी न थांबता' जास्त नेमकं.

तेव्हा मी लिहीन: "हाताशी असेल तेवढंच वाच, डिस्कसाठी थांबू नकोस." 'तेवढंच' मुद्दाम, कारण मागितल्यापैकी सुरुवातीचा थोडाच भाग मेमरीत असेल तर तेवढेच बाइट मिळतात.

काहीच नसेल तर 'ईअगेन' ही त्रुटी येते. तिला 'आढळले नाही' म्हणू नये. फाइल संपली असेल तर शून्य बाइट येतात, ते वेगळं. 'ईअगेन' म्हणजे 'आत्ता नाही'. त्यातला 'आत्ता' गाळू नका.