उतावळेपणाचे मोजमाप

प्रश्न : महाविद्यालयातील समुपदेशकांनी माझ्या मुलाकडून बॅरट आवेगशीलता (म्हणजे उतावळेपणा) प्रश्नावली भरून घेतली. स्वतःविषयी स्वतःच दिलेल्या उत्तरांवर कितपत विसंबावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीच्या अकराव्या आवृत्तीत ३० विधाने असून, प्रत्येकाला ‘क्वचित’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत १ ते ४ गुण मिळतात; त्यामुळे एकूण गुण ३० ते १२० यांदरम्यान येतात. ‘मी कामांचे नीट नियोजन करतो’ अशा अर्थाच्या विधानांचे गुण मात्र उलटे धरले जातात, म्हणजे डोळे झाकून सरसकट ‘नेहमी’वर खूण करणाऱ्याचे गुण आपोआप कमाल मर्यादेपर्यंत फुगत नाहीत. एकूण बेरजेपेक्षा लक्ष विचलित होणे, विचार न करता कृती करणे आणि पुढचा विचार नसणे हे तीन घटक वेगवेगळे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. संगणकावरील प्रतिसाद रोखण्याच्या (म्हणजे इशारा मिळताच कळ दाबणे आवरण्याच्या) चाचण्यांशी या गुणांचा मेळ सहसा फारसा बसत नाही, कारण प्रश्नावली रोजच्या सवयी विचारते, तर चाचणी त्या काही मिनिटांतील संयम तपासते. केवळ गुणांवरून निदान होत नाही; मुलाशी सविस्तर बोलूनच समुपदेशकांनी त्यांचा अर्थ लावावा, असा आग्रह आपण जरूर धरा.