सी प्रोजेक्टमधली राहून गेलेली हेडरे

प्रश्न : आयपी पत्ता छापणारा माझा प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये वॉर्निंग देऊन कंपाइल होतो, पण चालवला की सेगमेंटेशन फॉल्ट. घरच्या लॅपटॉपवर तर कंपाइलच होत नाही. (विद्यार्थिनी, फर्मागुडी)

उत्तर : लॅपटॉपचे बरोबर आहे. तुम्ही ‘इनेट_एनटोए’ हे फंक्शन वापरलेत, पण त्याची कंपायलरला ओळख करून देणारी फाइल, म्हणजे ‘आर्पा/इनेट.एच’ हे हेडर, इन्क्लूड करायचे राहिले. सी ८९च्या (सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणाच्या) नियमाने, ओळख न करून दिलेले फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे कंपायलर धरून चालतो. सी ९९मध्ये ही सवलत गेली, तरी जीसीसी हा कंपायलर कितीतरी वर्षे वॉर्निंगवरच भागवत होता. २०२४च्या जीसीसी १४पासून ती थेट एरर झाली. लॅबमधला कंपायलर जुना असणार.

फॉल्ट का येतो तेही बघा. फंक्शन ६४ बिटांचा पत्ता परत करते, कंपायलर मात्र ‘इंट’ समजून त्यातले ३२ बिट उचलतो. वरचा अर्धा पत्ता गेला, आणि ‘प्रिंटएफ’ भलत्याच जागी वाचायला जातो. म्हणून वॉर्निंगकडे कानाडोळा करू नका. जुन्या जीसीसीतही ‘-डब्ल्यूएरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन’ हा पर्याय देऊन ही वॉर्निंग एरर करता येते. आजच मेकफाइलमध्ये घाला.

प्रश्न : चतुर्थीच्या सुट्टीआधी क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या टूलचा ‘इन्क्लूड-क्लीनर’ (राहिलेली आणि बिनकामाची हेडरे दाखवणारा) लावला. जुन्या कोडवर सूचनांचा एवढा पाऊस पडला की टीमने तो बंद केला. (वेर्णा)

उत्तर : बंद करू नका, आवाका कमी करा. फक्त बदललेल्या ओळींवर तपासणी चालवा. त्यासाठी क्लँग-टायडीसोबत ‘डिफ’ स्क्रिप्ट येते. मुद्दाम ठेवलेल्या हेडरपुढे ‘आयडब्ल्यूवाययू प्रॅग्मा : कीप’ अशी कॉमेंट लिहा, म्हणजे ते काढायची सूचना येणार नाही.

ही तपासणी मला फार मोलाची वाटते. एका कामात मी सामायिक हेडरमधून एक बिनकामाचे इन्क्लूड काढले, आणि मी हातही न लावलेल्या फाइली कंपाइल होईनाशा झाल्या. त्या सगळ्या ‘मेमसीपीवाय’ हे फंक्शन वापरत होत्या, त्याचे हेडर ‘स्ट्रिंग.एच’ मात्र त्यांना त्या इन्क्लूडमधून आडवाटेने मिळत होते. जी फाइल जे वापरते, ते तिनेच इन्क्लूड करावे.

प्रश्न : टूल न लावता काही करता येईल? (डिचोली)

उत्तर : हो. ‘मोटर.सी’मध्ये ‘मोटर.एच’ सर्वांत आधी इन्क्लूड करा. त्या हेडरला ‘यूइंट८_टी’ लागत असेल आणि त्यात ‘एसटीडीइंट.एच’ नसेल, तर कंपायलर तिथेच अडवेल.

प्रश्न : ‘साइझ_टी’ हा डेटाचा प्रकार दिसला की आमची ग्रेप स्क्रिप्ट (कोडमध्ये शब्द शोधून तपासणारी) ‘एसटीडीडेफ.एच’ मागते, ‘एसटीडीआयओ.एच’ असूनही. (पणजी)

उत्तर : स्क्रिप्टची चूक. ‘साइझ_टी’ त्या दोन्हींत आहे, ‘एसटीडीलिब.एच’ आणि ‘स्ट्रिंग.एच’मध्येही. यातले कोणतेही एक असले तर तिने गप्प राहावे.