रॅम ‘पळवायची’ की ‘दामटायची’?

घाटंजीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “आमच्या गावातले पोट्टे ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे संगणकातली कामापुरती स्मृती (रॅम) ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला, ‘रॅम पयवली’ म्हणतात. मला लेखात वापरायला शब्द हवा, म्हणून ‘अतिघटीकरण’ असा घडवला. चालेल का? आणि रॅमच्या टेस्टिंगला चाचणी म्हणू की तपासणी?”

भाऊ, ‘अतिघटीकरण’ सोडून द्या. इथला क्लॉक म्हणजे वेळ सांगणारं घड्याळ नव्हे, तो ठेका आहे. भजनात ढोलकीच्या ठेक्यावर सगळे टाळ एकत्र पडतात, तशी रॅम ठेक्यावर माहिती देते-घेते. डीडीआर जातीच्या रॅममध्ये तर एका ठेक्यात दोनदा देवघेव होते. म्हणून पट्टीवर 3200 लिहिलेलं असलं तरी आतला ठेका 1600 मेगाहर्ट्झचाच असतो. ‘अति’ तर आणखीच अडचणीचा. अतिवृष्टी, अतिक्रमण, अतिरेक. मराठीत ‘अति’ लागला की बहुतेकदा प्रमाण सुटल्याचा दोष चिकटतो. कुणी 2666 ची रॅम 3000 वर बिनचूक चालवली, तर त्यात दोष कसला?

‘पयवणे’ मात्र मला मनापासून आवडला. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया तसा पळवण्याचा पयवणे. आणि हा शब्द कुठून आला असेल ते उघड आहे: शंकरपटातून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतून. तळेगाव दशासरचा पट ज्याने पाहिला, त्याला जोडी सेकंदांच्या हिशेबात पळते हे सांगावं लागत नाही. रॅमचाही हिशेब वेळेचाच असतो, फक्त तिथे सेकंदाऐवजी नॅनोसेकंद मोजतात. गावातल्या बोलण्यात तो शब्द राहू द्या, त्याला शुद्ध करायला जाऊ नका. लेखात मात्र तो अडेल. “दुकानातली रॅम पळवली” असं लिहिलं, तर वाचणारा पोलीस ठाण्याचा विचार करील.

लेखासाठी मी ‘दामटणे’ सुचवतो. घोडा दामटतात, बैल दामटतात. नुसतं ‘पळवणे’ म्हटलं की वेग दिसतो. ‘दामटणे’ म्हटलं की हाकणाऱ्याचा जोरही दिसतो. रॅमच्या बाबतीत हा जोर खरोखरच असतो. डीडीआर4 चा ठरीव दाब 1.2 व्होल्ट, पण वेग वाढवायचा तर तो बहुतेकदा 1.35 व्होल्टपर्यंत न्यावा लागतो. धुरकऱ्याच्या हातातली तुतारीच ती, म्हणजे बैलाला टोचून हाकायची काठी. एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुष्कळांची फसगत होते: डब्यावर 3200 छापलेली रॅम पहिल्यांदा लावल्यावर कित्येकदा 2133 किंवा 2400 दाखवते. ती खोटी नसते. छापलेला आकडा एक्सएमपी नावाच्या नोंदीत असतो, तो बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. म्हणजे कंपनीने आधीच दामटून पाहिलेली रॅम आपण घेतो.

आता टेस्टिंग. नवी पट्टी लावली, संगणक सुरू झाला, पूर्ण आकडा दिसला, ही झाली तपासणी. ‘चाचणी’ही चूक नाही. पण दामटलेल्या रॅमला मेमटेस्ट हा रॅमच्या चुका शोधणारा प्रोग्राम लावून रात्रभर फेऱ्यांवर फेऱ्या घेतात, तेव्हा तिचा कस पाहतात. सोनं कसाला लावतात, जमिनीचाही कस बघतात. बाहेरून न दिसणारं बळ शोधायला आपल्याकडे हाच शब्द आहे. निकालही कसोटीच्या दगडासारखा रोखठोक: एक जरी चूक निघाली तरी ती रॅम त्या वेगाला नापास.

आणि विदर्भात हा कस मे महिन्यात पाहावा. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये भार म्हणून साठलेला असतो आणि तो सतत गळतो. म्हणून दर 64 मिलिसेकंदांत तो नव्याने भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप 85 अंशांच्या वर गेली तर दर 32 मिलिसेकंदांत भरावा लागतो. टिनाच्या छपराखाली, बाहेर 45 अंश असताना, डिसेंबरात पास झालेली रॅम वैशाखात चुका देऊ शकते.

तेव्हा तुमचं वाक्य असं लिहा: “रॅम 3000 वर दामटली, भर उन्हाळ्यात मेमटेस्टच्या चार फेऱ्यांत तिचा कस पाहिला, आणि मगच सेतू केंद्राच्या कामाला लावली.”