एखादा प्रदेश फुटून स्वतंत्र देश झाल्याचं जाहीर करतो, तरी बाकीचे देश त्याला मान्यता का देत नाहीत?

सरळ सांगायचं तर प्रत्येक सरकार आधी आपलं घर बघतं, कायद्याचं पुस्तक नंतर. देश कशाला म्हणायचं याचे १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारातले निकष सगळे सांगतात, लोकसंख्या हवी, हद्द हवी, सरकार हवं, बाहेरच्यांशी व्यवहार करता यायला हवा. मग सोमालियातून फुटलेल्या सोमालीलँडकडे १९९१ पासून चलन, पोलीस, निवडणुका सगळं आहे, तरी इस्रायलने मान्यता दिली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये!

कोसोवोचं बघा. सर्बियातून फुटून २००८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, अमेरिका-ब्रिटनने लगेच मान्य केलं, स्पेन अजून नाही म्हणतो कारण त्याच्या घरात फुटून निघू पाहणारा कॅटालोनिया आहे. आपणही मान्यता दिलेली नाही, का ते वेगळं सांगायला नको. २०१८ ला दिल्लीत महिलांची वर्ल्ड बॉक्सिंग होती तर कोसोवोच्या बॉक्सरला व्हिसाच मिळाला नाही, बिचारीचा काय दोष! युरोपियन युनियनमध्ये तर ५ सदस्यांचा नकार, म्हणून कागदावर कोसोवोच्या नावापुढे चांदणी (*) टाकतात आणि खाली तळटीप, की या नावामुळे दर्जाबद्दल कुणाची भूमिका बदलत नाही.

खरी गंमत या अधल्यामधल्या जागेतच आहे, मान्यता नाही पण व्यवहार चालू. आपल्या मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानचं ऑफिस उघडलं, व्हिसाचं काम होतं पण नावात कॉन्सुलेट शब्द नाही, 'तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर' म्हणायचं. तरी चीनने निषेध केलाच. (तैवानला फुटीर म्हणायचं का हा वाद वेगळा, त्यात पडत नाही.)

आणि टायमिंग. बांगलादेशचं सरकार एप्रिल १९७१ पासून कलकत्त्यात आपल्याच आसऱ्याला होतं, तरी आपण मान्यता दिली ६ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्यावर, तोवर ते पान हातात राखून ठेवलं. कॉमनवेल्थमधले इतर देशही मान्यता देणार असं दिसताच पाकिस्तान एवढा चिडला की पुढच्या जानेवारीत कॉमनवेल्थमधूनच बाहेर पडला, आणि १९७२ मध्येच चीनने बांगलादेशच्या युनो सदस्यत्वावर व्हेटो मारला. मग फेब्रुवारी १९७४ मध्ये खुद्द पाकिस्तानने मान्यता दिली आणि सप्टेंबरात बांगलादेश युनोत गेला. म्हणजे ज्याच्यातून फुटलात तो हो म्हणाला की बाकीच्यांचं काम सोपं होतं.

बरं, दिलेली मान्यता परतही घेता येते हं. मोरोक्को ज्यावर हक्क सांगतो त्या पश्चिम सहाराला आपण १९८५ ला मान्यता दिली आणि २००० ला काढून घेतली. खतासाठी लागणारं फॉस्फेट आपण मोरोक्कोकडून घेतो, बाकी तुम्हीच जोडा.